मणी कौल : दोन लेन्स आणि एक बसथांबा

बालो रस्त्याकडेला उभी आहे. हातात नवऱ्यासाठी बांधून आणलेल्या रोट्या. नवरा सुच्चासिंग बस चालवतो. आज तिला यायला उशीर झालाय. तो रागावला असेल का, बस थांबवेल का, एवढीच गोष्ट. मोहन राकेश यांच्या कथेवरचा ‘उसकी रोटी’ (१९६९) एवढ्याशा ऐवजावर उभा आहे. मणी कौल यांचा हा पहिलाच चित्रपट.

कौल जोधपूरचे, जन्म १९४४चा. काका महेश कौल हिंदीत दिग्दर्शक, म्हणजे सिनेमा घरातलाच. पण घडले पुण्यात. प्रभातच्या आवारात सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ते १९६६ साली बाहेर पडले. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक हे त्यांचे गुरू, पण गंमत अशी, की घटकांच्या सिनेमातला भावनेचा कल्लोळ या शिष्याकडे औषधालाही सापडत नाही. ओढा होता तो फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँकडे : नटाने अभिनय करून दाखवायचा नाही, नुसतं चालायचं, बोलायचं.

असल्या सिनेमाला पैसा सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने दिला. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि बासू चटर्जी यांचा ‘सारा आकाश’ही त्याच सुमाराचे, आणि तिन्हींचे छायालेखक एकच, के. के. महाजन. ‘उसकी रोटी’साठी लेन्स दोनच वापरल्या : २८ मि.मी.ची, भोवतालचं सगळं सामावून घेणारी, आणि १३५ मि.मी.ची, दूरचं जवळ आणणारी. एकीतून बालोचं प्रत्यक्ष वाट पाहणं, दुसरीतून तिच्या मनातलं. हळूहळू दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि खरं कुठलं, कल्पनेतलं कुठलं, हे आपल्याला सांगता येईनासं होतं. सिनेमा फार संथ आहे ही तक्रार जुनीच. पण वाट पाहणं भराभर दाखवायचं तरी कसं?

‘दुविधा’ (१९७३) विजयदान देथा यांच्या कथेवरचा, चित्रीकरण देथांच्याच बोरुंदा गावात. मदतीला चित्रकार अकबर पदमसी. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार यालाच मिळाला. याच कथेवर २००५मध्ये ‘पहेली’ आला, नायक शाहरुख खान. तोच शाहरुख त्याआधी कौल यांच्या ‘इडियट’मध्ये झळकला होता, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं.

पुढे कौल रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले आणि १९८२मध्ये ‘ध्रुपद’ हा माहितीपट केला. आलापात पुढचा स्वर गाठायची घाई नसते, असलेल्या स्वरात किती वेळ राहायचं हे ठरवायचं असतं. कौल यांची दृश्यं पाहताना हे आठवतं. बालोला बसथांब्यावर तसं उभं केलं, तेव्हा ‘ध्रुपद’ अजून तेरा वर्षं लांब होता.

मराठीतही त्यांचं एक काम आहे. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) हा युक्त या सहकारी गटाने, म्हणजे कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप, सईद मिर्झा अशांनी मिळून केला. मोहन आगाशे नाना फडणवीस, ओम पुरी घाशीराम. तेंडुलकरांचं नाटक सगळ्यांना माहीत, चित्रपट मात्र अनेक वर्षं कुणाच्या नजरेला पडत नव्हता. तो आज पाहता येतो तो बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने जपून ठेवलेल्या प्रतीमुळे.