ऑटिस्टिक व बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे मानसिक साहाय्य : बेळगाव सीमाभाग

ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तीला चिंता, भीती, नैराश्य, शोक, आघात यांतून बाहेर पडण्यासाठी दिलेली मदत. विशेष शिक्षण आणि वाचोपचार यांच्याशी तिचे नाते जवळचे असले, तरी हेतू वेगळा आहे. तिथे काहीतरी शिकवायचे असते, इथे आधी ऐकून घ्यायचे असते. प्रस्तुत नोंद कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील मराठी भाषकांपुरती आहे. २०११च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषकांचे प्रमाण पाचातल्या एकाहून थोडे कमी भरते. कारवार-हल्याळ आणि बीदरकडील भालकी-औराद येथील परिस्थिती बरीचशी अशीच असली, तरी अंतरे आणि शहरे निराळी आहेत.

नावे

गल्लीत असे मूल ‘खुळं’ असते. हा शब्द लाडाचाही आहे आणि शिवीचाही, आणि त्या क्षणी तो कसा वापरला आहे हे मुलाला चांगले कळते. शेजारच्या कानडी घरात त्यालाच ‘हुच्च’ म्हणतात, आणि मराठी माणसेही तो शब्द सर्रास वापरतात. ‘मतिमंद’ हा शब्द शाळांच्या पाट्यांवर अजून टिकून आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगता यांची नोंद वेगवेगळी आहे. ऑटिझमसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ आणि कानडीत ‘स्वलीनते’ असे शब्द चालतात. दोन्हींचा सूर असा, की माणूस आपल्यातच रमलेला आहे आणि त्याला बाहेरचे काही नको आहे. बहुतेक वेळा हे खरे नसते. बाहेरचे त्याला फार तीव्रतेने जाणवते, म्हणून तो पाठ फिरवतो. या नोंदीत त्यामुळे पालक रोज वापरतात तो ‘ऑटिझम’ हाच शब्द घेतला आहे.

निदानाआड झाकलेले दुखणे

ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगता हा मनोविकार नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकाराच्या व्याख्येतून बुद्धीची अपुरी वाढ स्पष्टपणे वगळली आहे. म्हणून या माणसांना मनोविकार होत नाहीत असे मात्र नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात १० ते १४ वयाच्या ११२ ऑटिस्टिक मुलांपैकी ७० टक्के मुलांत निदान एक तरी मनोविकार आढळला होता. सर्वांत जास्त आढळले ते चिंतेचे प्रकार.

या माणसांतला मनोविकार ओळखू येत नाही याचे कारण १९८२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. एकदा ‘बुद्धी कमी’ असे निदान झाले, की पुढचे प्रत्येक लक्षण तपासणारा त्याच खात्यात टाकतो. माणूस जेवत नाही, रात्रभर जागतो, स्वतःच्या तोंडात मारून घेतो. उत्तर ठरलेले, ‘अशी मुलं असं करतातच.’ समजा, विशीतला एक तरुण एकाएकी उजव्या गालावर थपडा मारू लागला. घरचे हात बांधतात, कोणी झोपेची गोळी आणून देते, आणि तीन आठवड्यांनी कोणीतरी बॅटरी मारून तोंडात पाहते तर अक्कलदाढ सुजलेली. या कामात रुळलेले लोक म्हणून वागण्याकडे वळण्याआधी दात, कान, पोट आणि फिट्स तपासून घेतात. बद्धकोष्ठ हे कारण तर इतके नेहमीचे आहे, की ते आधी विचारायला लाजू नये.

भाषा

सीमाभागात या विषयाची खरी गाठ इथे आहे. घरात मराठी, रस्त्यावर मराठी-कानडी, बाजारात त्यात हिंदीची भर, शाळा इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाची, आणि सरकारी दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये. बोलक्या मुलाला यात मौज वाटते. पण ज्याला एक वाक्य जुळवायला घाम फुटतो, त्याने दुःख कोणत्या भाषेत सांगायचे?

बुद्धिमापनाच्या बाबतीत या भागाला मोठा वारसा आहे. बेळगाव आणि धारवाड मुंबई इलाख्यात असताना, १९३०च्या दशकात, धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी इथल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ या नावाने ती पुढे देशभर वापरली गेली. दोन्ही भाषांतल्या मुलांना एकाच मापाने, पण ज्याच्या त्याच्या भाषेत मोजावे, ही दृष्टी तेव्हा होती. आज चाचणी कोणत्या भाषेत होईल हे अनेकदा त्या दिवशी टेबलामागे कोण बसले आहे यावर ठरते. मराठीत विचारले तरी प्रश्न पुस्तकी असतो. ‘मुलगा काय करत आहे?’ असे चित्र दाखवून विचारल्यावर गप्प बसणारे पोर ‘ह्यो काय करालाय?’ म्हटल्यावर पटकन ‘पळालाय’ म्हणते. हा फरक बुद्धीचा नव्हे, पण गुण मात्र बुद्धीचेच कापले जातात.

‘घरात एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल बोलणार नाही’ हा सल्ला अजून ऐकू येतो. दोन भाषा कानावर पडल्यामुळे ऑटिस्टिक मुलाचे बोलणे आणखी मागे पडते, असे आजवरच्या संशोधनात दिसलेले नाही. या सल्ल्याने नुकसान होते ते वेगळेच. आई तोडक्यामोडक्या इंग्रजीत ‘सिट, ईट, कम’ म्हणू लागते आणि आजीचे तर बोलणेच बंद होते. ज्या भाषेत त्याला कुशीत घेतले जायचे, तीच काढून घेतली जाते.

समुपदेशकाने मराठीच्या आतल्या खोडीही ओळखाव्यात. ऑटिस्टिक माणूस शब्द जसाच्या तसा घेतो. आपण घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. सकाळी ‘येतो हं’ म्हणून दारातून नाहीसा होणारा बाप हे अशा मुलासाठी रोजचे कोडे असते. मृत्यूच्या वेळी हे जास्त बोचते. ‘आबा देवाघरी गेले’ असे सांगितलेला मुलगा देवळाच्या पायरीवर वाट पाहत बसतो. ‘झोपले’ म्हणावे तर स्वतः झोपायला घाबरू लागतो. शोकाच्या कामात म्हणून साधे बोलावे : आबा मेले. त्यांचे शरीर थांबले. ते परत येणार नाहीत. घरातल्यांना हे ऐकायला कठोर वाटते. तरी अंत्यविधीपासून अशा माणसाला दूर ठेवण्यापेक्षा, त्याची तयारी करून त्याला सोबत नेलेले बरे. दहाव्याला कावळा शिवतो तोपर्यंत थांबण्याचा अर्थसुद्धा चित्रे काढून सांगता येतो.

दुभाष्याचा प्रश्न नाजूक आहे. कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे बहुधा आईच भाषांतर करते, आणि न कळत उत्तरही तीच देते. पंचवीस वर्षांच्या मुलीला आईविषयीच काही सांगायचे असेल, किंवा कोणी अंगाला हात लावल्याचे सांगायचे असेल, तर ते आईच्या तोंडून कसे जाणार? बौद्धिक दिव्यांग व्यक्तींवर लैंगिक अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. निदान काही मिनिटे घराबाहेरचा, मराठी जाणणारा माणूस शेजारी बसवणे ही कमीत कमी अपेक्षा आहे.

पद्धती

बोलण्यावर आधारलेले उपचार या माणसांना लागू पडत नाहीत, असा समज दीर्घकाळ होता. सौम्य बौद्धिक दिव्यांगता असलेल्या आणि बोलणाऱ्या ऑटिस्टिक व्यक्तींसाठी विचार-वर्तन उपचार (सीबीटी) थोडा बदलून वापरला जातो. बैठका लहान आणि जास्त, वाक्ये छोटी, भावनेचे माप एक ते पाच बोटांवर, आणि अमूर्त प्रश्नाऐवजी घडलेला प्रसंग. ‘तुला कसं वाटतं?’ यापेक्षा ‘काल बसमध्ये पोटात काय झालं?’ याचे उत्तर लवकर मिळते.

न बोलणाऱ्यांच्या बाबतीत वागणे हेच बोलणे मानून वाचावे लागते. रागाच्या झटक्याआधी काय घडले, त्याने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले, याची पंधरा दिवस वहीत नोंद ठेवली, तर कारण बहुधा दिसू लागते. अंदाज मात्र उलटे निघतात. बेळगावच्या वडगावात यंत्रमागाच्या घरात वाढलेल्या मुलाला त्या खडखडाटाचा त्रास होत असेल असे पाहुण्याला वाटते. प्रत्यक्षात वीज जाऊन माग थांबले की तो कावराबावरा होऊ शकतो, कारण त्याच्या दिवसाचा ठेकाच तो आवाज असतो.

चित्रांचे वेळापत्रक आणि चित्रकार्डे सर्वत्र सुचवली जातात. इंटरनेटवरून छापलेल्या संचात सँडविच असते, पिवळी शाळाबस असते. त्याऐवजी आपल्या मोबाइलवर घरची भाकरी, गल्लीच्या तोंडाशी उभी राहणारी रिक्षा, स्वतःचा तांब्या यांचे फोटो काढून छापले तर खर्च थोडा येतो आणि उपयोग जास्त होतो.

लहान मुलांसाठी या भागाने लक्ष द्यावे असा एक प्रयोग शेजारीच झाला. पालकांमार्फत संवाद वाढवण्याची ‘पास’ ही पद्धत गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. २ ते ९ वयाच्या ६५ मुलांच्या या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी १२ बैठका घेतल्या. त्यानंतर आईबापांचे मुलाला प्रतिसाद देणे आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करणे, दोन्ही वाढले. खानापूरचा घाट उतरला की गोवा लागतो. तज्ज्ञांची वाट पाहत न बसता करण्यासारखे काम ते हेच.

औषधांबाबत थोडक्यात : रिस्पेरिडोनसारखी औषधे तीव्र चिडचिड आणि स्वतःला इजा करणे यांवर दिली जातात. ऑटिझमचे मूळ स्वरूप त्यांनी बदलत नाही, आणि वजन झपाट्याने वाढते. बक्षीस देऊन वागणे घडवण्याच्या पद्धतींवर प्रौढ ऑटिस्टिक लोकांचा आक्षेप आहे, की त्या मुलाला शांत करत नाहीत, फक्त शांत दिसायला शिकवतात. तो आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे.

सण आणि जत्रा

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीला सुरू होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारे विसर्जन हा शहराचा अभिमान. डॉल्बीच्या भिंतीपुढे ऑटिस्टिक मुलासाठी ती शिक्षा ठरू शकते. कान झाकून जमिनीवर लोळणाऱ्या मुलाला लोक हट्टी म्हणतात. हट्टात मूल अधूनमधून आपल्याकडे कोण पाहते ते बघते. आवाज-गर्दीच्या अतिभाराने कोसळलेल्याला आजूबाजूचे भानच उरत नाही. काही घरे त्या दोन दिवसांसाठी गावाकडे निघून जातात. काही पहाटे गर्दीआधी मंडपात जाऊन गणपती दाखवून आणतात. दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण सण त्याचाही आहे.

चिंचलीची मायाक्का आणि सौंदत्तीची यल्लम्मा यांच्याकडे नवस बोलणे, अंगारा लावणे, देवऋषाकडे नेणे हे दवाखान्याच्या आधी किंवा बरोबरीने चालते. समुपदेशकाने त्याची टर उडवली, तर कुटुंब पुन्हा येत नाही. मारझोड, चटके, उपाशी ठेवणे यांना मात्र ठाम नकार द्यावा.

आई आणि घर

१९४३ साली अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे सविस्तर वर्णन केले. पुढची काही दशके पाश्चात्त्य मानसशास्त्राने त्याचा दोष आईच्या थंडपणावर ढकलला, आणि नंतर तो मागे घेतला. आपल्याकडे दोष तिथेच पोचला, फक्त ग्रहणाच्या वाटेने. पोटुशी असताना विळीवर भाजी चिरली, ग्रहण पाळले नाही, ही वाक्ये सासरी वर्षानुवर्षे ऐकवली जातात. हल्ली त्यात मोबाइलची भर पडली आहे. आईची झोप, तिचे एकटेपण, दुसऱ्या भावंडाची कुचंबणा हा साहाय्याचा भाग आहे. तो फावल्या वेळात उरकायचा नाही.

‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला इतका पसरलेला आहे, की समुपदेशनात तो स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. त्याच्यामागची भीती खरी असते : आमच्या पश्चात याचे काय? या प्रश्नाला काही अंशी कायद्याचे उत्तर आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती १८ वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना त्याच न्यासाची. २०१६च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. त्यात निर्णय त्या माणसाच्या सोबतीने घ्यायचा असतो, त्याच्या नावाने नव्हे.

कुठे जावे लागते

धारवाडची ‘डिमहान्स’ ही या भागाची मोठी मानसोपचार संस्था बेळगावपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी चालते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ग्रामपंचायत पातळीवर दिव्यांगांसाठी नेमलेला पुनर्वसन कार्यकर्ता हा कर्नाटकाचा चांगला उपक्रम. दिव्यांगता प्रमाणपत्राची वाट त्याला ठाऊक असते.

हे प्रमाणपत्र ऑटिझमसाठी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या ४० कलमी ‘इसा’ मापावर आणि बौद्धिक दिव्यांगतेसाठी सामाजिक परिपक्वतेच्या मापावर देण्याची रीत २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी घातली. त्यांत सर्वसाधारण आणि दिव्यांग यांच्या सीमारेषेवरची बुद्धिमत्ता २५ टक्के दिव्यांगतेत बसवली होती, आणि सवलती तर ४० टक्क्यांपासून सुरू होतात. शाळेत सतत मार खाणारी, टोमणे सोसणारी, नैराश्यात जाणारी बरीच मुले नेमकी या फटीत सापडतात.

निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, आणि चंदगडकराला कोल्हापूरपेक्षा बेळगाव. दिव्यांगांचे ओळखपत्र देशभर चालते, राज्याची पेन्शन मात्र हद्द ओलांडत नाही. कन्नडमध्ये लिहिलेले टिपण कोल्हापूरच्या दवाखान्यात वाचता येत नाही, म्हणून जाणती माणसे प्रत्येक अहवालाची इंग्रजी प्रत मागून घेतात. मागे मराठीत स्वतःच्या हाताने एक पान जोडतात : याला काय आवडते, कशाची भीती वाटते, आणि तो ‘हो’ कसे म्हणतो.