काळा गंज, तांबडा गंज

विंचेस्टर १८९४ ही जुनी अमेरिकन रायफल हातात आली की जाणकार माणूस आधी ती रिकामी असल्याची खात्री करतो आणि मग उलटी करून तिचं पोट बघतो. लिव्हरच्या, म्हणजे नवं काडतूस भरायला खाली ओढायच्या दांड्याच्या, जरा पुढे रायफलचा तोल बरोबर साधतो. तिथे मूठ आवळून शिकारी तासन् तास चालायचे. त्यामुळे बाकी अंग निळसर काळं असलं तरी तेवढाच भाग घासून राखाडी झालेला असतो. तळहाताचा घाम खारट, तोही आपलं काम करतोच.

गंमत अशी की तो निळसर काळा रंगही मुळात गंजच असतो. जुन्या पद्धतीत पोलादाला आम्लाचं द्रावण लावून मुद्दाम तांबडा गंज चढवायचे आणि नळी उकळत्या पाण्यात बुडवायचे. तांबडा गंज काळा पडायचा, म्हणजे त्याचं मॅग्नेटाइट, लोखंडाचं काळं ऑक्साइड, व्हायचं. सुटी भुकटी तारेच्या मऊ ब्रशने झाडायची आणि पुन्हा तेच, हवा तसा रंग येईपर्यंत. मॅग्नेटाइट पोलादाला घट्ट धरून राहतं आणि तेलही धरून ठेवतं. तांबड्या गंजाला मात्र लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो, खपली सुटते, खालचं लोखंड उघडं पडतं आणि ते पुन्हा गंजतं.

खरा घोळ नळीच्या आत असतो. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेल्या या रायफलीसाठी १८९५ मध्ये थर्टी-थर्टी काडतूस आलं. त्यात काळ्या दारूऐवजी धूर न करणारी नवी दारू होती. दाब वाढला, म्हणून नळीसाठी निकेलयुक्त पोलाद घेतलं. पण काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट तेच राहिलं. बार उडाला की त्यातून पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे आपल्या मिठाचं भावंडच, तेही हवेतली ओल शोषतं. काळ्या दारूची काजळी इतकी व्हायची की लोक नळी पाण्याने धुवायचे आणि त्यात मीठही जायचं. नवी दारू वापरल्यावर नळी स्वच्छ दिसायला लागली, मग तेलाचा बोळा फिरवला की काम झालं! मीठ तेलात विरघळत नाही. नळीत दिसणारे खड्डे बऱ्याचदा या गैरसमजाचे असतात. १९२० च्या दशकाच्या शेवटाकडे क्षार न सोडणाऱ्या टोप्या आल्या, तेव्हा हा त्रास कमी होत गेला.

सफाईनेही नुकसान केलंच. या रायफलीला मागून गज घालता येत नाही, तोंडाकडूनच घालावा लागतो. वर्षानुवर्षं गज घासून तोंडापाशी नळीचे पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, झिजतात. गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा वायू सगळीकडून सारखा सुटला नाही, तर ती किंचित कलते. म्हणजे नळी आतून चकचकीत आणि नेम मात्र बेभरवशाचा, असंही होतं.

अक्रोडाच्या दस्त्याचं एवढंच, की पोलादाला लागून तो काळपट पडला असेल तर तेल मुरून लाकूड मऊ झालंय का ते दाबून बघावं.

आणि रंग फारच गडद, एकसारखा दिसला तर भिंग काढावं. नळीवरच्या अक्षरांच्या कडा बोथट, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा, ही पॉलिशच्या चाकाची खूण, म्हणजे घासून रंग पुन्हा चढवलाय. संग्राहक अशा रायफलीपेक्षा पोटाशी राखाडी झालेलीला जास्त पैसे मोजतात, आणि मलाही तेच पटतं.