वृद्धाश्रमापेक्षा क्रूझ स्वस्त?

अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळीत तो जुना मेसेज पुन्हा आला: अमेरिकेतले म्हातारे नर्सिंग होम सोडून क्रूझवर राहतात, कारण ते निम्म्यात पडतं, डॉक्टर फुकट, अन् पडून खुबा मोडला तर जन्मभर मोठी खोली!

यात थोडं खरं आहे. २००४ साली तिथल्या वृद्धवैद्यकाच्या नियतकालिकात अशी तुलना छापून आली होती. पण ती नर्सिंग होमशी नव्हतीच. चालत्याफिरत्या, जराशी मदत लागणाऱ्यांच्या निवासाशी होती. वीस वर्षांचा खर्च निघाला जहाजावर सुमारे २ लाख ३० हजार डॉलर, निवासात २ लाख २८ हजार. म्हणजे जहाजच किंचित महाग. डॉक्टरचं म्हणाल तर जहाजावरच्या दवाखान्यात साध्या तपासणीचंही बिल हातात येतं. जन्मभराची खोली ही तर वरून ओतलेली तर्री.