न दाबलेलं बटण

नात्यात एकाने हुकूम सोडायचे आणि दुसऱ्याने ते राजीखुशीने पाळायचे, असं म्हटलं की लोकांचं निदान ठरलेलं: पाळणारा कच्च्या मनाचा असणार, नाहीतर लहानपणी काहीतरी घडलेलं असणार. नेदरलँड्समधल्या २०१३च्या अभ्यासात अशा, म्हणजे ‘बीडीएसएम’ म्हटल्या जाणाऱ्या, संमतीच्या संबंधांत रमणाऱ्या ९०२ जणांची इतर ४३४ जणांशी तुलना झाली. पहिल्या गटात चिंताळूपणा कमी निघाला, नकाराची धास्तीही कमी. (प्रश्नावली भरायला आपणहून आलेली माणसं ही, एवढं ध्यानात ठेवायचं.)

मग ताबा सोडण्यात सुख कसलं? धागा सापडतो तो गोंगाटावरच्या एका प्रयोगात. ग्लास आणि सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना १०८ डेसिबलचा आवाज अधूनमधून, अवचित ऐकवला. काहींच्या हाताशी एक बटण होतं. असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. बटण न दाबता त्यांनी इतरांइतकाच गोंगाट सोसला. तरी नंतर न सुटणाऱ्या कोड्यांशी तेच जास्त वेळ झुंजले आणि मुद्रितशोधनात त्यांच्याच चुका कमी झाल्या.

उंदरांवरच्या प्रयोगांत स्टीव्हन मायर यांनी याची मेंदूतली वाट शोधली. विजेचा झटका चाक फिरवून थांबवता येत असेल, तर कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा खालचा मधला भाग ते हेरतो आणि मस्तिष्कस्तंभातल्या डॉर्सल राफे केंद्रकाला आवरतो. तिथला सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा पूर अडतो, म्हणून उंदीर हतबल होत नाही. तोच भाग औषधाने बधिर केला, की चाक असलेला उंदीरही चाक नसलेल्यासारखा वागतो. झटके दोघांनाही सारखेच.

सबमिसिव्ह, म्हणजे हुकूम पाळणाऱ्या, व्यक्तीचं बटण म्हणजे सेफवर्ड: आधी ठरवलेला, उच्चारताच सगळं थांबवणारा शब्द. ते शाबूत आहे म्हणूनच मन पहारा उठवू शकतं. बुवा-महाराज मागतात त्या ‘संपूर्ण समर्पणा’त हे बटणच नसतं, आणि कुठे आहे विचारलं तर तुमची श्रद्धा कमी पडते!

पहारा खरंच उठतो का? नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने १४ अनुभवी लोकांना यदृच्छेने भूमिका वाटून दिल्या आणि स्ट्रूप चाचणी घेतली: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, तर शाईचा रंग सांगा. शरण जाणाऱ्यांचे गुण घसरले. नमुना चिमुकला आहे, पण प्रीफ्रंटल कामकाज तात्पुरतं मंदावतं या कल्पनेशी निकाल जुळतो.

खरी मेख इथेच आहे. सेफवर्ड उच्चारायला लागणारी सावधताही त्याच भागाची. म्हणून मर्यादा आधी, दारू न पिता ठरवतात. मध्येच त्या आणखी कडक करता येतात, सैल मात्र करता येत नाहीत, कारण त्या क्षणीची संमती मंदावलेल्या मेंदूची असते. शब्द एरवी तोंडात न येणारा हवा, किंवा सरळ सिग्नलचे रंग: हिरवा चालू, पिवळा सावकाश, लाल बंद. बोलता येणार नसेल तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा. तो पडला की थांबायचं. डॉमिनंट, म्हणजे हुकूम सोडणाऱ्या, व्यक्तीने दर काही मिनिटांनी रंग विचारायचा. उत्तर आलं नाही, तर तो लाल.

संपल्यावर पाणी, पांघरूण, थोडं खाणं, सोबत. एक-दोन दिवसांनी काहींना उगाच रडू येतं, उदास वाटतं. तेव्हा फोन कोणी करायचा, हेही जाणती जोडपी आधीच ठरवून ठेवतात.