राउटरच्या खोक्यावरचं ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’

हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगला वजनकाट्याचा संगणक नागपूरच्या हापिसाशी व्हीपीएननं, म्हणजे नेटवरच्या खाजगी कुलूपबंद वाटेनं, जोडायचा असला, की विकणारा हमखास सांगतो, “हार्डवेअर एन्क्रिप्शनवाला राउटर घ्या, नेट पळते पहा!” खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ही छापलेलं असतं. त्याला भुलू नका. ते एईएस नावाचं, माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायचं तंत्रच आहे, अमेरिकेनं २००१ साली प्रमाण ठरवलेलं, आणि ते तुमच्या फोनमध्येही चालतं.

पळण्याचं मात्र तपासायला हवं. एईएस माहितीचे १६-१६ बाइटचे तुकडे करतं. १२८ बिटांची किल्ली असेल तर प्रत्येक तुकड्यावर १० फेऱ्या होतात: तक्त्यातून बाइट बदला, ओळी सरकवा, स्तंभ मिसळा, किल्ली मिळवा. नेटवरून माहिती छोट्या गठ्ठ्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जाते. १४०० बाइटच्या एका पॅकेटमध्ये असे ८८ तुकडे, म्हणजे ८८० फेऱ्या! स्वस्त राउटरची चिप हे सगळं साध्या सूचनांनी (चिपला कळणाऱ्या मूळ आज्ञांनी) करते आणि घामाघूम होते. एआरएम जातीच्या (फोन-राउटरात असतात तशा) ज्या प्रोसेसरांत एईएसच्या खास सूचना असतात, तिथे जवळजवळ अख्खी फेरी दोन सूचनांत उरकते. एईएस वापरायच्या जीसीएम नावाच्या पद्धतीत पॅकेटमध्ये वाटेत फेरफार झाला नाही हे तपासायला गॅल्वा क्षेत्रातला (एका खास अंकगणितातला) गुणाकार लागतो, त्याचीही वेगळी सूचना असते. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात या सूचना नाहीत, पाय ५ मध्ये आहेत.

काही राउटरांत मात्र प्रोसेसरबाहेर वेगळं एन्क्रिप्शन इंजिन असतं. तिथे पॅकेट न्या, काम सांगा, झाल्याची खबर यायची वाट पाहा. पॅकेट छोटं असेल तर हा व्याप म्हणजे एक गाठोडं कापूस घेऊन वीस कोसांवरच्या जिनिंगला जाणं. ओपनव्हीपीएन या व्हीपीएनच्या नेहमीच्या मांडणीत तर प्रत्येक पॅकेट कर्नलमधून (राउटरच्या प्रणालीच्या गाभ्यातून) बाहेर येतं आणि परत आत जातं. वेळ त्या ये-जा करण्यातच जातो. इंजिनाचा खरा फायदा आयपीसेक या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनला, कारण त्याचं काम कर्नलमध्येच होतं.

आणि वायरगार्ड हा तिसरा प्रकार वापरत असाल, तर एईएसचं यंत्र नुसतं बसून राहतं. वायरगार्ड एईएसऐवजी चाचा२० हे कुलूपतंत्र वापरतो, त्यात बेरीज, बिट फिरवणं आणि एक्सऑर (बिटांची साधी तुलना) एवढंच असतं. साध्या चिपलाही ते झेपतं.

नवा राउटर घ्यायच्या आधी व्हीपीएनवरून मोठी फाइल पाठवा आणि राउटरच्या पानावर प्रोसेसरचा भार पाहा. तो, किंवा प्रोसेसरचा एखादा कोअर (भाग) जरी, शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे. तो निवांत असूनही फाइल रखडत असेल, तर बहुधा गावापर्यंत येणारी लाइनच बारीक आहे. तिला कोणतीही चिप रुंद करत नाही.