मळ्यातील वस्ती (कोल्हापूर जिल्हा)

गावठाण सोडून स्वतःच्या रानात कायमचे बिऱ्हाड करण्याची रीत. कोल्हापूरकडे तिला वस्ती किंवा नुसते ‘मळा’ म्हणतात. पूर्वी शेतकरी गावात राही, रानात असे ती राखणीची खोप. पश्चिमेकडच्या डोंगरातील वाड्या आणि धनगरवाडे हा प्रकार निराळा.

माणसे रानात गेली ती पाण्यामागे. शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेले राधानगरी धरण, नद्यांवरचे कोल्हापुरी बंधारे आणि पुढे सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या उपसा योजना यांमुळे जिराईत रानात ऊस आला. उसाला रात्री-अपरात्री पाणी पाजायचे, पहाटे म्हशीची धार काढायची, तर घर कोसभर लांब असून भागत नाही. बहुधा आधी गोठा हलतो, मग म्हातारा-म्हातारी, आणि वाटण्या झाल्या की एखाद्या भावाचे बिऱ्हाड. खोपीच्या जागी पत्र्याच्या दोन खोल्या येतात, ऊसबिलाचे पैसे साठले की स्लॅब. रेशनकार्ड मात्र गावातल्याच दुकानावर. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी नदीकाठच्या कुटुंबांना उंचावरच्या रानात जायला आणखी एक कारण दिले.

या माणसांची वेगळी मोजदाद होत नाही. जनगणना माणसाचे काम विचारते. घर गावठाणात की रानात, हे नाही. देशात 2001 ते 2011 या काळात शेतकरी 12.73 कोटींवरून 11.88 कोटींवर आले, शेतमजूर 10.68 कोटींवरून 14.43 कोटींवर गेले. हे आकडे धंद्याचे आहेत. त्यांवरून मळे ओस पडले असे समजणे चूक. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टर उरली. गुंठ्यांवर आलेला मालक सकाळी डेअरीला दूध घालतो आणि मोटारसायकलवरून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीला जातो. वर्षातले बहुतेक दिवस तिथेच काम, म्हणून जनगणनेच्या लेखी तो शेतकरी नाही. राहायला मात्र उसाच्या बांधावर.

हंगामी रहिवासी वेगळेच. गळीत सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या पाले ठोकून रानात उतरतात, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन हंगामात झाली. तीच मेमध्ये झाली असती, तर टोळ्यांची माणसे आपापल्या गावी सापडली असती.