शब्दप्रमाण

विश्वासार्ह माणसाचे वाक्य जेव्हा ज्ञानाचे साधन ठरते, तेव्हा भारतीय दर्शनांत त्याला शब्दप्रमाण म्हणतात. स्वतःची जन्मतारीख, पृथ्वीचे वय, गोळीतल्या औषधाचे प्रमाण, परगावच्या पुराची बातमी यांपैकी बहुतेक गोष्टी कोणीही स्वतः पडताळलेल्या नसतात. कोणीतरी सांगितले किंवा कोठेतरी वाचले, म्हणून त्या ठाऊक असतात. ‘मी डोळ्यांनी पाहिलेलेच मानतो’ असे म्हणणाऱ्यालाही दिवसभर याच शिदोरीवर जगावे लागते. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे टळत नाही. कोणाच्या, कोणत्या विषयातल्या आणि कोणत्या वाटेने आलेल्या शब्दावर विसंबायचे एवढेच आपल्या हाती असते. आधुनिक जीवनात सत्य आणि विश्वास यांविषयी जे वाद होतात, त्यांतले बरेचसे या एका प्रमाणाभोवतीच फिरतात.

आप्त कोणाला म्हणावे

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष (इंद्रियांनी जाणणे), अनुमान (तर्काने जाणणे), उपमान (साम्यावरून जाणणे) आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानली आहेत. ‘आप्तोपदेशः शब्दः’ (१.१.७) हे शब्दाचे लक्षण, म्हणजे व्याख्या: आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे, सांगणे तो शब्द. या सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे, जे जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे आणि जो ते सांगू शकतो. यांतली एक गोष्ट ढळली तरी वाक्याचे प्रामाण्य ढळते. जाणकार खोटे बोलू शकतो, प्रामाणिक माणूस चुकीचे समजलेला असू शकतो, आणि जाणकार व प्रामाणिक माणसालाही नीट सांगता येईलच असे नाही. बिघाड यांपैकी कोठे आहे हे आधी ओळखावे लागते, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. खोटेपणाचा संशय असेल तर हेतू तपासायचा. अज्ञानाचा असेल तर ‘तुम्हाला हे कसे कळले?’ असे विचारायचे. व्यवहारात माणसे पहिली चौकशी अटीतटीने करतात आणि दुसरी विसरतात. अफवा पसरवणारे बहुसंख्य लोक तर प्रामाणिकच असतात.

वात्स्यायन याच ठिकाणी पुढे म्हणतो की ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू आहे. शब्दप्रमाण म्हणजे केवळ ग्रंथांपुढे मान तुकवणे, असा जो समज आहे त्याला या एका वाक्याने छेद जातो. आप्तत्व जन्माला किंवा पदाला जोडलेले नाही, ते विषयाला जोडलेले आहे. भरती-ओहोटीच्या वेळा सांगताना कोळी आप्त असतो. भूकंपाविषयी बोलणारा नामांकित हृदयरोगतज्ज्ञ त्या विषयापुरता चारचौघांसारखाच.

सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ही व्याख्या ‘आप्तस्तु यथार्थवक्ता’ (आप्त म्हणजे जसे आहे तसे सांगणारा) इतकी आटोपशीर होते. या ग्रंथाची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली. न्यायशास्त्राच्या परिभाषेसाठी भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश अजूनही हाताशी लागतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९२८ मध्ये काढली.

वाक्यातून अर्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी सांगितल्या जातात. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ या पदांना एकमेकांची अपेक्षा नाही, म्हणून ते वाक्य होत नाही. ‘अग्नीने शिंपतो’ यात योग्यता नाही, कारण अग्नीने शिंपता येत नाही. एक पद आता आणि दुसरे प्रहराने उच्चारले तर संनिधी तुटते. चौथी अट तात्पर्याची, म्हणजे वक्त्याला काय म्हणायचे आहे याची. जेवताना ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. तासाभराच्या भाषणातली १२ सेकंदांची चित्रफीत कापून फिरवली जाते, तेव्हा शब्द वक्त्याचेच असतात, पण तात्पर्य कळायला लागणारा भाग मागे राहिलेला असतो. अशा फितीबाबत ‘तो असे बोललाच नाही’ हा खुलासा लटका पडतो. आधीचे आणि नंतरचे मिनिट काय होते, हे मागणे उपयोगी पडते.

विश्वास आधी की परीक्षा आधी

फक्त प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानले नाही. वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी आणि दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी तो अनुमानात घातला: वक्ता विश्वसनीय आहे या कारणावरून त्याचे म्हणणे खरे असल्याचे अनुमान. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, त्याचे वेगळेपण राखले. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा भर अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेल्या, वेदावर असला, तरी आजच्या दृष्टीने त्यांचा स्वतःप्रामाण्याचा सिद्धांत अधिक मोलाचा वाटतो. ज्ञान उत्पन्न होताच ते खरे म्हणूनच स्वीकारले जाते. दोष दिसला किंवा विरोधी ज्ञान झाले, की मगच ते बाजूला होते. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरच्या कसोटीवर कळतो. पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली. प्रवृत्ती सफल झाली म्हणून आधीचे ज्ञान खरे होते असे कळते. मात्र ही परीक्षा प्रत्येक वेळी करावी लागत नाही. परिचित विषयात माणूस थेट कृती करतो, अपरिचित विषयात मात्र संशय उभा राहतो.

युरोपातही वाद असाच झाला. दुसऱ्यांची मते डोक्यात तरंगत राहिल्याने आपण तसूभरही ज्ञानी होत नाही, असे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकचे मत होते. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांवरच्या निबंधात साक्षीचे वजन अनुभवाच्या तराजूत तोलायला सांगितले. ह्यूमचाच देशबांधव टॉमस रीडने १७६४ मध्ये उलट बाजू मांडली: खरे बोलण्याची आणि ऐकलेले मानण्याची प्रवृत्ती माणसात उपजतच असते, नाहीतर मूल भाषाच शिकले नसते. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे नेहमीच, सर्वत्र आणि कोणासाठीही गैर आहे, हे इंग्लिश गणितज्ञ व तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्डचे १८७७ मधले विधान प्रसिद्ध आहे. ते जसेच्या तसे पाळू गेले तर औषधाची पहिली गोळीही घेता येणार नाही. रोजच्या जगण्यात मीमांसकांच्या वाटेने जावे लागते, तर नवख्या, धोक्याच्या किंवा न परतवता येणाऱ्या कृतीपूर्वी नैयायिकांच्या. धोका कोठे आहे हे ओळखणे, हेच यातले कौशल्य.

साक्षींचा हिशेब

एखाद्या प्रकारची बातमी मुळात १०० पैकी एकदाच खरी असते आणि सांगणारा १० पैकी ९ वेळा बरोबर असतो, असे समजू. अशा १,००० बातम्यांपैकी १० खऱ्या. त्यांतल्या ९ ना तो ‘खरी’ म्हणेल. उरलेल्या ९९० खोट्यांपैकी ९९ बातम्यांनासुद्धा तो चुकून ‘खरी’ म्हणेल. म्हणजे त्याच्या १०८ होकारांपैकी ९ बरोबर, सुमारे ८ टक्के. तितकाच भरवशाचा दुसरा माणूस स्वतंत्रपणे तेच सांगेल तर शक्यता ४५ टक्क्यांवर जाते, तिसऱ्या स्वतंत्र साक्षीने ८८ टक्क्यांवर. पण दुसऱ्याने आणि तिसऱ्याने पहिल्याचेच ऐकून सांगितले असेल, तर आकडा ८ वरून हलत नाही. सात गटांवर आलेला तोच मजकूर ही सात जणांची साक्ष नसते. ‘सगळेच म्हणताहेत’ हे ऐकल्यावर पहिला शोध घ्यायचा तो यांपैकी किती जणांनी स्वतः पाहिले याचा, आणि अनेकदा उत्तर शून्य येते.

तोंडी निरोपात प्रत्येक टप्प्यावर ५ टक्के बिघाड धरला तर १० टप्प्यांनंतर मूळ मजकूर शाबूत असण्याची शक्यता ६० टक्के उरते, २० नंतर ३६. मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशात हा बिघाड होत नाही, अक्षर न् अक्षर टिकते. हरवते ते मूळ: कोणी, कधी, कोठल्या घटनेविषयी लिहिले. अक्षरे शाबूत म्हणून बातमीही शाबूत, अशी फसगत इथेच होते.

२०१८ मध्ये भारतभर फिरलेली एक चित्रफीत हे याचे भयंकर उदाहरण आहे. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसत असे. मूळ फीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीची होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. हा शेवटच कापलेला होता. पाहणाऱ्याला आपण डोळ्यांनी पाहिले असे वाटते, म्हणजे हे प्रत्यक्ष प्रमाण झाले अशी त्याची समजूत होते. प्रत्यक्ष तेवढी दृश्ये. हे आपल्या भागात घडले, या आठवड्यात घडले, हे मूल पळवणारे आहेत, ही तिन्ही विधाने सोबतच्या दोन ओळींतून, म्हणजे अनाम वक्त्याच्या शब्दातून आलेली. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशा अफवा पसरलेल्या असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एका ठिकाणावर आणली. याने वेग कमी होतो. मूळ वक्ता मात्र कळत नाही.

न्यायालयात हीच काळजी नियम म्हणून घेतली जाते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६० नुसार तोंडी पुरावा थेट असावा लागे: पाहिलेल्या गोष्टीसाठी पाहणारा, ऐकलेल्यासाठी ऐकणारा. कारण ज्याने पाहिले त्याचीच उलटतपासणी घेता येते. मृत्युपूर्व जबानी हा ठळक अपवाद. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हे तत्त्व कायम ठेवले, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्रात तिचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, द्यायला सांगितले. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. त्यातून फाइल बदललेली नाही एवढेच सिद्ध होते. आतले म्हणणे खरे की खोटे हे वेगळे तपासावे लागते.

अकारण अविश्वास

भोळेपणावर खूप लिहिले जाते, तितकाच घातक असलेला दुसरा दोष दुर्लक्षित राहतो: खऱ्या साक्षीला वक्त्याकडे पाहून कमी लेखणे. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये त्याला ज्ञानविषयक अन्यायाचा एक प्रकार म्हटले. महाराष्ट्राला याची आठवण वेगळ्याने करून द्यायला नको. १९७८ च्या तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी मुलीवरील पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या प्रकरणात दोन पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. ‘संमती नव्हती’ हे तिचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरायचे. संशयाचे ओझे कोणावर टाकायचे, हा तर्काचा प्रश्न कायद्यात असा उतरला.

तज्ज्ञ आणि संस्था

विज्ञानही शब्दप्रमाणावर चालते. गुरुत्वीय लहरींच्या शोधाची घोषणा करणाऱ्या, लायगो वेधशाळेच्या संशोधक गटाच्या २०१६ च्या निबंधाला हजाराहून अधिक लेखक होते. त्यांतला कोणीही एकटा सगळा निबंध पडताळू शकत नाही. तरी तो विश्वास आंधळा नाही. सप्टेंबर २०१० मध्ये या गटातल्या मोजक्या लोकांनी यंत्रणेत गुपचूप खोटा संकेत सोडला होता. बाकीच्यांनी तो शोधला, तपासला, निबंधाचा मसुदाही लिहिला. मार्च २०११ मध्ये हे गुपित ठेवलेले पाकीट उघडून खरे सांगण्यात आले. स्वतःलाच अशी परीक्षा घालणारी संस्था जास्त विश्वासाला पात्र ठरते. (हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारायच्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.)

दोन तज्ज्ञांत मतभेद असेल तर सामान्य माणसाने काय करावे? अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन गोल्डमन यांनी २००१ मध्ये पाच गोष्टी पाहायला सांगितल्या: दोघांचे युक्तिवाद, इतर तज्ज्ञांचा कौल, पात्रतेची मान्यता, हितसंबंध आणि पूर्वीच्या भाकितांचा इतिहास. यांतला पहिला मार्ग सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा, कारण वाक्चातुर्य आणि ज्ञान यांतला फरक बाहेरच्याला सहज कळत नाही. शेवटचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा: जुनी भाकिते तारखेसह काढून जमली किती ते मोजणे.

वक्ता नसलेले वाक्य

पोपटाने उच्चारलेल्या वाक्यातून अर्थबोध होतो, पण तिथे तात्पर्य कोणाचे, हा प्रश्न नव्य, म्हणजे नंतरच्या काळातल्या, नैयायिकांनी चर्चिला आहे. चॅटजीपीटीसारख्या भाषा-यंत्रांनी तो पुन्हा पुढे आणला. यंत्राचे वाक्य आकांक्षा, योग्यता, संनिधी या अटी चोख पाळते; साक्षात पाहिलेले आणि ते तसेच सांगू इच्छिणारे मागे कोणी नसते. म्हणून त्याने दिलेला प्रत्येक दाखला मूळ जागी उघडून पाहावा लागतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. हे खटले खरे आहेत का, असे त्यांच्यातल्या एकाने विचारले होते, पण ते त्याच यंत्राला. आणि यंत्राने हो म्हटले होते.